विचारा ना! : किंग जो खरंच वाईट आहे का?

या महिन्यात जे प्रश्न आले त्यातले चक्क चार जपानी रोबोटांवरचे निघाले. सुट्ट्या लागल्यात, पोरं घरात आहेत, मोबाईल त्यांच्या हातात आहे, त्यामुळे असेल. हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून कुंडीतल्या मोगऱ्याचं आणि गच्चीच्या गळतीचं पत्र पुढच्या अंकात घेते, या वेळी ही चारच. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्यातलं काही कापावंसं वाटलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सिडकोत राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत जाईल आता. त्याच्या आत्तेभावाने त्याला 'अल्ट्रासेव्हन' नावाची जुनी जपानी सिरियल दाखवली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पण याला हिरो आवडत नाही, त्यातला किंग जो नावाचा रोबोट राक्षस आवडतो. फ्रीजच्या खोक्याचा किंग जो बनवून ठेवलाय हॉलमध्ये. सोसायटीच्या शिबिरात फॅन्सी ड्रेस आहे तिथे पण हेच व्हायचंय म्हणतो. सासूबाई म्हणतात राक्षसाचं सोंग कशाला, राम हो, कृष्ण हो. मला काळजी वेगळीच आहे. त्या भागात शेवटी तो रोबोट फुटतो तेव्हा हा हमसून हमसून रडला. व्हिलन मेल्यावर कोण रडतं? काही चुकतंय का त्याचं? आणि हा किंग जो नक्की कोण?

ताई, आधी काळजीचं बोलते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. रडला यात काहीही चुकलेलं नाही. मी तर म्हणेन की त्याने तो भाग मोठ्या माणसांपेक्षा नीट बघितला, आणि असं का म्हणते ते कळायला तुम्हाला ती गोष्टच ऐकावी लागेल.

'अल्ट्रासेव्हन' जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६७ ला सुरू झाली आणि सप्टेंबर १९६८ मध्ये संपली, एकूण ४९ भाग. बनवली त्सुबुराया प्रॉडक्शन्सने, म्हणजे १९५४ च्या गॉडझिलाचे इफेक्ट ज्यांनी केले त्या एइजी त्सुबुरायांची कंपनी. किंग जो येतो १४ व्या आणि १५ व्या भागात, हे जोडभाग आहेत, जानेवारी १९६८ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने लागले होते. आणि गोष्ट नेहमीसारखी टोकियोत नाही, कोबेत घडते, मागे रोक्कोचा डोंगर, पुढे बंदर.

तर होतं काय, पृथ्वीवाल्यांनी पेडान नावाच्या ग्रहाकडे एक रॉकेट सोडलेलं असतं, निरीक्षणासाठी. आपल्या हिशोबाने नुसती पाहणी, त्यात काय एवढं. पण पेडानवाल्यांच्या हिशोबाने ती सरळसरळ घुसखोरी, आपल्या घरात न विचारता कुणी डोकावलं तर आपण काय म्हणू? मग ते पृथ्वीवर उतरतात, कोबेच्या परिषदेला निघालेल्या शास्त्रज्ञांना वाटेतच एकेक करून मारतात, डोरोथी अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञ बाईंना पळवतात आणि त्या डोरोथीबाईंचंच रूप घेऊन पेडानची एक बाई आपल्या माणसांत वावरायला लागते. डान, म्हणजे मालिकेचा हिरो, माणसाच्या रूपात वावरणारा अल्ट्रासेव्हनच, हा तिच्याशी समोरासमोर बोलतो, आम्ही हल्ला करायला नव्हतो आलो हे समजावतो, तोडगा निघाला असं वाटतं, आणि पेडानवाले दिलेला शब्द मोडतात. म्हणजे आधी चूक आपल्याकडून, मग दगा त्यांच्याकडून, आणि या दोघांच्या मधे उभा कोण, तर हा रोबोट. मूळ भागात त्याला स्वतःचं नावसुद्धा नाहीये ताई, नुसता पेडानचा रोबोट, किंग जो हे नाव नंतर पडलं.

आता तो येतो कसा ते बघा, कारण तुमचा मुलगा बहुतेक तिथेच घायाळ झाला असणार. चार वेगवेगळी यानं उडत येतात, आकाशात एकमेकांना जोडली जातात आणि एक सोनेरी अंगाचा उभा रोबोट तयार होतो. डोक्यावर आणि छातीवर दिवे लुकलुकतात. चेहरा म्हणावा असा चेहरा नाही, दात नाहीत, डोळे वटारणं नाही, डरकाळी नाही, एक यंत्राचा आवाज तेवढा येत राहतो. सेव्हन कपाळावरचा किरण मारतो, काही होत नाही, डोक्यावरचं पातं फेकून मारतो तेही आपटून परत येतं. पहिला भाग संपतो तेव्हा हिरो खाली पडलेला आणि रोबोट त्याच्या उरावर. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा पुढचा भाग समोर असूनही दोन मिनिटं लावला नव्हता, नुसती बसून राहिले. शेवटीसुद्धा त्याला हिरो हरवत नाही हे लक्षात घ्या, सुटून आलेल्या डोरोथीबाई आणि त्यांचे जपानी सहकारी मिळून लायटन आर ३० नावाचा बॉम्ब बनवतात आणि त्याने तो फुटतो. पाठवणारा पेडानवाला तेव्हा यानात बसून पळ काढत असतो! त्याला मात्र सेव्हन उडवतो.

आता त्याला एकदा जवळ घेऊन विचारा, का रडलास रे. माझा अंदाज आहे तो म्हणेल त्याची काय चूक होती. खरंच काय चूक होती? त्याला राग नाही, लोभ नाही, कुणीतरी जोडलं, कुणीतरी पाठवलं, तो आला. नऊ वर्षांच्या पोराला हे दिसलं आणि आतून हललं, यात मला तरी काळजीसारखं काही दिसत नाही.

हे भाग लिहिणारे किंजो तेत्सुओ हे ओकिनावात लहानाचे मोठे झालेले. ओकिनावा म्हणजे जिथे १९४५ मध्ये महायुद्धातली भयंकर लढाई झाली आणि नंतर १९७२ पर्यंत जे बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं, म्हणजे ही सिरियल टीव्हीवर चालू असताना लिहिणाऱ्याचं स्वतःचं गाव दुसऱ्याच्या ताब्यात होतं. त्यांचाच ४२ वा भाग आहे, त्यात समुद्राच्या तळाशी राहणारे लोक म्हणतात की पृथ्वीचे मूळ रहिवासी आम्ही, घुसखोर तुम्ही. मुलांच्या सिरियलमध्ये हे १९६८ साली! त्यामुळे कोण कुणाच्या दारात गेलं हा प्रश्न किंग जोच्या गोष्टीत चुकून आलेला नाही असं माझं ठाम मत आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना बोहाड्याची, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या गावउत्सवाची, आठवण करून द्या. त्यांचं माहेर पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी असं कुठल्या बाजूचं असेल तर सांगावंही लागणार नाही. मी लहानपणी आजोळी बघितलाय, रात्रभर चालतो, संबळ आणि सनई, आणि एकेक सोंग उजेडात येतं. तिथे रावणाचा मुखवटा कुणी घालायचा ते ठरलेलं असतं, त्या घराचा तो मान असतो, बापानंतर मुलगा घालतो. मामाच्या शेजारच्या घरी त्राटिकेचा होता. तो माणूस आधी डोक्याला फडकं गुंडाळायचा, घट्ट, मग दोघं जण तो जड मुखवटा उचलून त्याच्या तोंडावर धरायचे आणि मागून दोरी आवळायचे, आणि दोरी आवळली गेली की त्याच्या पायांचं चालणंच बदलायचं. सकाळी तोच माणूस ओट्यावर चहा पीत बसलेला, आणि आम्ही पोरं त्याच्याकडे देवाकडे बघावं तसं बघायचो. त्याला कुणी वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. राक्षसाचं सोंग आपल्याकडे कधी कमीपणाचं नव्हतं, सासूबाईंना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

मुलाला या सिरियलमधला आणखी एक रोबोट दाखवा, ३८ व्या भागातला क्रेझीगॉन. बांदार नावाच्या ग्रहावर धातू संपलेत म्हणून तो पृथ्वीवर येऊन रस्त्यावरच्या गाड्या उचलून नेतो. एक हात भलामोठा, चिमट्यासारखा. आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सातला गाड्यांची जी रांग लागते तशा रांगेत तो येतो आणि लोक गाड्या टाकून पळतात. पण त्याच भागात एक आजारी मुलगा आहे, ऑपरेशनला घाबरलेला, आणि डानने त्याला कबूल केलंय की मी तुझ्याजवळ येईन. रोबोट थांबवायचा की दिलेला शब्द पाळायचा, यात तो भाग पूर्ण वेळ अडकलेला आहे. रोबोट हरतो कसा हे मात्र त्याचं त्याला बघू द्या, सेव्हन लहान होऊन चक्क बंदुकीतून सुटतो!

आणि किंग जोसाठी रडलेल्या पोराला ही बातमी नक्की द्या की २०२० मध्ये त्याच कंपनीची 'अल्ट्रामॅन झेड' ही सिरियल आली, त्यात किंग जो परत हल्ला करतो, हरतो, पण या वेळी माणसं त्याचे तुकडे फेकून देत नाहीत. स्टोरेज नावाची टीम ते गोळा करते, दुरुस्त करते आणि त्याला आपल्या बाजूने उभं करते. तोच रोबोट, तसाच सुटा होणारा, आणि आत आपला माणूस बसलेला. हे ऐकून पोराचं तोंड कसं होतं ते मला कळवा.

फॅन्सी ड्रेसचं : होऊ द्या किंग जो. फ्रीजचं अख्खं खोकं अंगावर घालून त्याला स्टेजची पायरी चढता येणार नाही, त्यापेक्षा चार खोकी घ्या, डोक्याचं, छातीचं, कमरेचं, पायांचं वेगळं, कारण मूळ रोबोटच चार भागांचा आहे. सोनेरी कागद मेनरोडला मिळेल, दिवाळीची बॅटरीवाली लाईटची माळ असेलच घरात, ती छातीच्या खोक्यात आतून चिकटवा आणि पुढे कापलेल्या फटींवर बटर पेपर लावा म्हणजे उजेड पसरून दिसतो, मण्यासारखे बल्ब दिसत नाहीत. स्टेजवर चार मित्रांनी एकेक भाग घेऊन चार बाजूंनी यायचं आणि मधे जोडायचं. टाळ्या पडतीलच.

प्रश्न : दीदी, मी सातपूरला राहतो, पॉलिटेक्निक सेकंड इयर. मला कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करायला, हाकायडरचा सूट बनवायचाय, किकायडरमधला काळा रोबोट. जपानी लोक हे सूट कसे बनवायचे आणि मी कमी बजेटमध्ये कसा बनवू? मित्र म्हणतात एवढी मेहनत व्हिलनसाठी कशाला.

अरे व्हिलनसाठीच कर! हाकायडरसारखा व्हिलन परत झाला नाही हे मी कुणाशीही भांडून सांगेन. वाचकांसाठी थोडक्यात, 'जिनझो निनगेन किकायडर' ही तोएई कंपनीची सिरियल जुलै १९७२ ते मे १९७३, ४३ भाग, मूळ कल्पना शोतारो इशिनोमोरींची, म्हणजे 'कामेन रायडर'वालेच. डार्क नावाची टोळी, तिचा प्रमुख प्रोफेसर गिल, त्याच्या ताब्यात रोबोट बनवणारे कोम्योजी, आणि त्यांनी बनवलेला किकायडर, ज्याच्यात चांगलं-वाईट कळण्याचं सर्किट बसवलंय पण ते अर्धवट राहिलंय. गिलने बासरी वाजवली की त्याचं डोकं फिरतं. हाकायडर शेवटी शेवटी येतो, ३७ व्या भागाच्या आसपास. किकायडरला संपवणं या एकाच कामासाठी बनवलेला, आणि त्याच्या काचेच्या कवटीत दिसतो तो मेंदू खुद्द कोम्योजींचा! म्हणजे किकायडरने वार करायचा तरी कसा, समोर ज्याने आपल्याला घडवलं त्याचाच मेंदू. आणि पुढे दुसराच एक रोबोट किकायडरला मोडून टाकतो तेव्हा हाकायडर खूश नाही होत, पिसाळतो, कारण ज्यासाठी जन्म झाला तेच काम दुसऱ्याने केलं, आता मी कशासाठी? तो गिलवरच उलटतो. त्या सीनला मित्रांना शेजारी बसव, परत विचारणार नाहीत.

आता सूट. त्या काळी राक्षसांचे सूट म्हणजे मुख्यतः लेटेक्स रबर आणि आत स्पंज, बाहेरून रंग. अल्ट्रासेव्हनमधले बरेचसे राक्षस कागदावर काढले तोरु नारितांनी आणि हाताने घडवले र्योसाकु ताकायामांनी, नारिता मूळचे शिल्पकार आणि ताकायामा चित्रकार, म्हणून ते सूट अजून बघावेसे वाटतात. तू ईव्हीए फोमची शीट घे, छाती-खांद्याला १० मिलिमीटर, हात-पायाला ५ किंवा ६. आधी स्वतःच्या अंगावर जुनी बनियन चढवून वरून चिकटपट्टी गुंडाळ, त्यावर मार्करने सांधे आखून काप, हे तुझ्या मापाचं पॅटर्न झालं. फोमला हीट गन मारली की तो वळतो, जोडायला चपला-बूटवाले वापरतात तो लावून सुकवून दाबायचा चिकटवण्याचा सोल्यूशन उत्तम, ग्लू गनने केलेले जोड उन्हात सुटतात. रंगाच्या आधी फोमवर फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून तीन-चार हात मार, नाहीतर रंग पिऊन टाकतो आणि वाकलं की तडे. काळ्यावरचे पिवळे पट्टे मास्किंग टेप लावूनच. डोक्याच्या पारदर्शक भागासाठी मिठाईवाल्याकडे किंवा प्लास्टिकच्या दुकानात अर्धगोल झाकण शोध, अगदीच नाही मिळालं तर सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत व्हॅक्यूम फॉर्मिंग करणारं छोटं युनिट विचारून बघ, पॉलिटेक्निकचा आहेस म्हटल्यावर बरेच जण मदत करतात. हीट गन आणि सोल्यूशन दोन्ही गच्चीवर वापर, बंद खोलीत अजिबात नाही, तोंडाला चांगला मास्क.

आणि हे मी हात जोडून सांगते, सूटमध्ये हवा खेळेल असं कर. मी एका मंडळाच्या मिरवणुकीत राक्षसाच्या पोशाखातला मुलगा कोसळलेला बघितलाय, दुपारची वेळ, आत फोमच फोम, आणि त्याने मुखवटा काढायला हात वर केला तर हातांना पंजे, बोटंच चालेनात. लोकांना वाटलं ॲक्टिंग करतोय. कुणालातरी कळेपर्यंत वेळ गेला, सुदैवाने वाचला. तेव्हा हेल्मेट एका हाताने निघालं पाहिजे, डोक्यात बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्युटर फॅन, पंधरा-वीस मिनिटांनी ब्रेक, पाणी, आणि एक मित्र कायम सोबत, त्याने खुणेची भाषा पाठ केलेली हवी. जपानमध्ये सूटच्या आत काम करणाऱ्याला बारीक भोकांतून जेमतेम समोरचं दिसतं, वर स्टुडिओच्या लाईटची आग, तरी तो पडतो, उठतो, मान वाकडी करून राग दाखवतो. आपल्याला पडद्यावर जे दिसतं ते त्याचं अंग असतं रे. आपला जिल्हा तर फाळक्यांचा, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या त्या माणसाने १९१९ मध्ये स्वतःच्या लहान मुलीला कृष्ण करून कालियाशी झुंजवलं होतं, ट्रिक सीन ही काही फक्त जपानची गोष्ट नाही. सूट झाला की फोटो पाठव.

प्रश्न : मॅडम, माझी दोन्ही मुलं पॉवर रेंजर्स बघतात आणि मोठा धाकटीला 'तू मॉन्स्टर' म्हणून मारतो. बंद करू का सिरियल?

सिरियल नको, मारणं बंद करा. बघून झाल्यावर दहा मिनिटं रोल बदला, तो मॉन्स्टर आणि धाकटी रेंजर, आणि नियम एकच, हात लागला की खेळ संपला, खरे स्टंटवालेसुद्धा हात न लावताच मारामारी करतात हे त्याला सांगा, 'स्टंट' हा शब्द मुलांवर फार चालतो. पॉवर रेंजर्स मुळात जपानी सेंताई, म्हणजे रंगीत पोशाखातल्या वीरांच्या टोळीच्या, सिरियलींच्या फुटेजवरून १९९३ मध्ये अमेरिकेत बनली. मोठ्याला मॉन्स्टर व्हायला कमीपणा वाटत असेल तर सांगा की १९७९ च्या 'बॅटल फीव्हर जे'मध्ये राक्षस स्वतःसारखाच दिसणारा एक अवाढव्य रोबोट मदतीला बोलावतो आणि त्याला धाकटा भाऊ म्हणतो. राक्षसांनासुद्धा धाकट्या भावंडाशिवाय चालत नाही! मला वाटतं हे तुमच्या घरी उपयोगी पडेल.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा आहे, नाशिकरोडला लहानाचा मोठा झालो. दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचं, घड्याळात बोलणारा मुलगा जॉनी आणि त्याचा तो रोबोट. शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवर बघायचो. शेवटच्या भागाला लाईट गेली आणि आली तेव्हा बातम्या चालू होत्या. रोबोटचं शेवटी काय झालं हे मला आजपर्यंत माहीत नाही. विचारायला थोडा संकोच वाटतोय.

काका, संकोच कसला. तुमचं पत्र वाचून मी उठून खिडकीपाशी गेले. आमच्या वाड्यातही एकच टीव्ही होता, सतरंजीवर पंधरा-वीस पोरं, आणि तो रोबोट दोन्ही हात वर करून उडाला की आमचेही हात वर.

सांगते सगळं. मूळ नाव 'जायंट रोबो', जपानमध्ये ऑक्टोबर १९६७ मध्ये सुरू झाली, म्हणजे वर पहिल्या पत्रात आहे त्या अल्ट्रासेव्हनच्याच महिन्यात, २६ भाग, तोएईची. आपण इंग्रजी डबिंगमध्ये बघितली. जॉनीचं खरं नाव दाइसाकु. मूळ कथा मित्सुतेरु योकोयामांची, ते कोबेचे, आणि कोबेत २००९ पासून त्यांच्याच एका रोबोटचा, तेत्सुजिन २८ चा, १५ मीटरहून उंच पुतळा उभा आहे, १९९५ च्या भूकंपात ते शहर कोसळलं होतं त्यातून परत उभं राहण्याची खूण म्हणून. हात उगारून उभा आहे, तुम्हाला आवडेल.

पहिला भाग आठवतो का? आपला रोबोट चांगल्या लोकांनी नव्हता बनवला. त्या सम्राट गिलोटिनच्या टोळीने पकडून आणलेल्या शास्त्रज्ञाकडून तो बनवून घेतला होता, शहरं तुडवायला. तो जर त्यांच्याकडे चालू झाला असता तर तोच त्या सिरियलमधला सगळ्यात मोठा राक्षस रोबोट ठरला असता. पण घड्याळात पहिला आवाज गेला तो त्या मुलाचा, आणि त्यानंतर रोबोट फक्त त्याचंच ऐकणार असं ठरून गेलं. मग पुढे इतके भाग आपण बघितलं, जॉनी सांगणार, रोबोट करणार. उड म्हटलं की उडणार, मिसाईल म्हटलं की बोटांतून मिसाईल.

शेवटच्या भागात गिलोटिन स्वतः अवाढव्य होऊन उभा राहतो. त्याच्या शरीरात अणुशक्ती भरलेली आहे, त्याच्यावर मारा केला तर तो फुटेल आणि त्याच्याबरोबर पृथ्वी जाईल. म्हणजे कुणीच काही करू शकत नाही, मिसाईल नाही, सैन्य नाही, शरण जा एवढंच उरतं. आणि तेव्हा काका, रोबोट स्वतःहून हलतो. घड्याळात कुणी काही बोललेलं नाही. तो जाऊन गिलोटिनला कवेत धरतो आणि त्याला घेऊन उडतो, वर, आणखी वर. मुलाला कळतं काय होणार आहे आणि तो घड्याळ तोंडाशी धरून रडत ओरडतो, परत ये, परत ये. पूर्ण मालिकेत रोबोटने त्याचा शब्द मोडलेला नसतो. इथे तो ऐकत नाही. अंतराळात एका उल्केवर जाऊन दोघं आदळतात, स्फोट होतो, पृथ्वी वाचते. खाली मुलगा आकाशाकडे बघत उभा.

त्या दिवशी लाईट गेली नसती तर दहा-बारा वर्षांच्या वयात तुम्ही हे बघितलं असतं, आणि त्या रात्री तुम्हाला जेवण गेलं नसतं, मला गेलं नव्हतं. आता बघा. जुने भाग शोधले की सापडतात. घरी कुणी लहान असेल तर सोबत बसवा, पंचवीसेक मिनिटांचाच भाग आहे, आणि या वेळी इन्व्हर्टर चार्ज आहे ना ते आधी बघून घ्या.